भाड्याची योजना नंतर शोधा, आधी २ ऑक्टोबर बघा

आपल्या सोलापुरातल्या अशोक चौकाच्या मागच्या भागातून एका ताईंचं पत्र आलंय, नाव देत नाही. मिस्टर यंत्रमागावर होते, कारखाना बंद पडला, आता मिळेल ते काम करतात, ताई घरीच विड्या वळतात. दोन खोल्यांचं घर, भाडं २,००० रुपये, गेल्या सप्टेंबरपासून एक रुपया दिलेला नाही. फेब्रुवारीत मालकाच्या वकिलाचं पाकीट घेऊन पोस्टमन आला तर शेजारीण म्हणाली घेऊ नको, घेतलं की अडकशील, म्हणून परत पाठवलं. मग ४ जुलैला कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आला, नवराबायको दोघांची नावं, ते मात्र सही करून घेतलं. ऑगस्टमधल्या तारखेला दोघं कोर्टात गेले तर जज्जसाहेब रजेवर, पुढची तारीख मिळाली १४ ऑक्टोबर. आता ९ सप्टेंबरच्या पत्रात ताई विचारतात की गरिबांचं थकलेलं भाडं महापालिका भरते अशी योजना आहे म्हणे, एकानं फॉर्मचे ७०० रुपये घेतलेत, ते मंजूर होईपर्यंत १४ तारखेला कोर्टात काय सांगायचं?

ताई, अशी पत्रं सारखी येतात, पेठ बदलते, भाड्याचा आकडा बदलतो, बाकी गोष्ट तीच. त्यामुळं मालकानं कसं वागायला पाहिजे होतं, गरिबाला कायदा काय देतो, हे सगळं परत उगाळत बसत नाही. तुमचं घर राहणार की जाणार हे एका तारखेवर आहे, आणि ती तारीख १४ ऑक्टोबर नाही, २ ऑक्टोबर आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम १५, त्यातलं तिसरं पोटकलम. त्याचा अर्थ असा की दाव्याचं समन्स हातात पडल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूनं सगळं थकलेलं भाडं, कायद्यानं झालेली वाढ असेल तर ती, आणि वर वर्षाला १५ टक्क्यांनी सरळव्याज कोर्टात भरलं, आणि तिथून पुढं दावा संपेपर्यंत दर महिन्याचं भाडं न चुकता भरत राहिला, आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करायचा हुकूम कोर्टाला देताच येत नाही. देताच येत नाही म्हणजे साहेबांच्या मनात असलं तरी नाही. पण हे उलट्या बाजूनंही तितकंच खरं आहे, ९० दिवस निघून गेले तर साहेबांच्या मनात तुमच्याबद्दल कितीही दया असली तरी हात बांधलेले. जुना १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता त्यात जवळपास अशीच अट होती आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की अट पाळली नसेल तर कोर्टाला आपल्या मर्जीनं सूट देता येत नाही. मुलीचं बाळंतपण होतं, कारखाना बंद होता, माणूस दवाखान्यात होता, हे सगळं खरं असून उपयोग होत नाही.

आता मोजा. ४ जुलै सोडा, जुलैचे राहिले २७, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, झाले ८८. नव्वदावा दिवस २ ऑक्टोबर, म्हणजे गांधी जयंती, कोर्ट बंद. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कोर्ट उघडल्या दिवशी भरता येतं असा सर्वसाधारण नियम आहे खरा, पण तुमच्यासारख्यांनी त्या नियमावर घर लावू नये, मालकाचा वकील त्यावरच दोन वर्षं वाद घालेल. २५ सप्टेंबर हा तुमचा शेवटचा दिवस समजा.

आणि आपली कोर्टं. समन्स काढायचं जुलैमध्ये, पहिल्या तारखेला साहेब रजेवर, आणि पुढची तारीख द्यायची ती मुदत संपल्यावर बारा दिवसांनी, आणि टेबलावरचा कुणी एवढं सांगणार नाही की बाई तुमचे ९० दिवस चाललेत. माणसाला वाटतं तारीख १४ ला आहे ना, मग १४ ला बघू. ही तारीख त्या कोर्टाच्या कामाची आहे, तुमच्या मुदतीची नाही, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. यात किती लोकांची घरं गेली असतील कुणास ठाऊक, आणि गेलेल्यांना शेवटपर्यंत वाटत राहतं की निकाल मालकानं फिरवला.

तारीख नसताना पैसे भरता येतात. प्रकरण बोर्डावर, म्हणजे तारखेआधीच साहेबांसमोर, घ्यावं असा एक अर्ज आणि थकीत भाडं कोर्टात भरायला परवानगी मिळावी असा दुसरा, त्यावर साहेबांची ऑर्डर, मग चलन, मग नाझरकडं, म्हणजे कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्याकडं, भरणा आणि पावती. साहेब पुन्हा रजेवर असले तर त्यांचा चार्ज कुणाकडं आहे ते विचारा, कुणाकडं तरी असतोच. ऑर्डर व्हायला एखाद दिवस, चलनाला एखाद दिवस, मधे शनिवार रविवार, म्हणून म्हणतोय की २५ तारीख.

किती भरायचे? इथं जरा नीट वाचा, कारण माणसं हिकडंच चुकतात. गेल्या सप्टेंबरपासून या सप्टेंबरपर्यंत धरलं तर १३ महिने, २,००० प्रमाणे २६,०००. व्याज म्हणजे थकलेल्या प्रत्येक महिन्याच्या भाड्यावर दरमहा २५ रुपये, सगळ्यात जुन्या महिन्याला १२ महिन्यांचं ३००, पुढच्याला २७५, असं उतरत जातं, बेरीज १,९५० च्या आसपास. म्हणजे २७,९५०. पण तुम्ही दाव्याच्या प्रतीचा फोटो पाठवलाय त्यात मालकानं भाडं २,३०० लिहिलंय आणि तुम्ही म्हणता २,००० च ठरलं होतं, कागद काही नाही, पावती तर त्यानं आयुष्यात दिली नाही. कलम ५५ असं म्हणतं की भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेला पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरायचं, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. मग तुमचं २,००० चं म्हणणं टिकेल का? टिकू शकतं. शेजारी काय साक्ष देतात, मालकाकडं वही आहे का, यावर आहे, मी इथं बसून खात्री देत नाही.

म्हणून माझं मत असं की भरताना मालकाच्या आकड्यानं भरा. २,३०० प्रमाणे १३ महिन्यांचे २९,९००, व्याज साधारण २,२४५, मिळून ३२,१४५. अर्जात स्वच्छ लिहायचं की भाडं २,००० च आहे, जादा रक्कम हरकत राखून भरत आहे. फरक चार हजार दोनशेचा आहे, विड्या वळणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही हे मला कळतं, पण उद्या कोर्टानं २,३०० धरलं आणि तुम्ही २,००० नं भरलेलं असलं तर तुम्ही कमी भरलं असं होतं, आणि कमी भरणं हे या कलमात जवळजवळ न भरल्यासारखंच. वर दोन-तीनशे रुपये जास्तच टाका, व्याजाची बेरीज मालकाचा वकील वेगळी करतो. आणि १५,००० डिपॉझिट मालकाकडं पडलंय ते वळतं करून उरलेलं भरू असं मिस्टरांचं म्हणणं आहे ना, ते डोक्यातून काढा. डिपॉझिटचा हिशोब घर सोडताना, आता पूर्ण रक्कम. सगळी एकदम जमत नसेल तर आधी दहा भरा, मग दहा, फक्त शेवटचा रुपया मुदतीच्या आत गेला पाहिजे.

या मधल्या काळात मालक किंवा त्याचा मेहुणा येईल आणि म्हणेल, कशाला कोर्टकचेरी वहिनी, हातात पंधरा हजार द्या, मी केस काढून घेतो. देऊ नका. हातात दिलेल्या पैशांचा कोर्टात दाखवायला पुरावा राहत नाही, त्यानं नंतर मला काही मिळालं नाही म्हटलं तर काय दाखवणार. तडजोड करायची असेल तर जरूर करा, लोकअदालतीत करा, पण दोघांच्या सह्यांची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दाखल होऊन, आणि तोपर्यंत नाझरकडचा भरणा थांबवायचा नाही.

फेब्रुवारीतल्या पाकिटाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. शेजारणीचं ऐकून पाकीट परत पाठवलं म्हणजे नोटीस मिळालीच नाही असं कायदा मानत नाही, पोस्टमननं 'घेण्यास नकार' असा शेरा मारला की ती मिळाली असंच साधारण धरलं जातं. त्या पाकिटात काय होतं माहीत आहे का ताई? थकबाकी भरायला ९० दिवसांची मुदत होती. त्या मुदतीत मालकाला दावा लावताच येत नव्हता. तेव्हा पाच-सहा महिन्यांचं भाडं होतं, दहा-बारा हजारांत विषय मिटला असता, आणि तुम्ही पाकीट परत केलंत. नोटीस बजावलीच नाही असा मुद्दा कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, घालायला हरकत नाही, तुमचा वकील घालेल, पण त्याच्या भरवशावर पैसे भरायचे थांबू नका. इथून पुढं येणारा प्रत्येक कागद घ्यायचा. घेतल्यानं कुणी अडकत नाही.

कैफियतीवरून आठवलं, ती अजून दिलेली दिसत नाही. ३० दिवसांत द्यायची असते, कोर्ट ९० पर्यंत वाढवतं, त्याच्या पुढंही काही वेळा दंड घेऊन मिळते, तिथं साहेबांना थोडी मोकळीक आहे. पण भरण्याच्या अर्जाबरोबरच देऊन टाका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं. भाडेकरूचं थकलेलं भाडं सरकार किंवा महापालिका भरून देते अशी योजना आपल्याकडं नाही. ज्यानं ७०० घेतले त्याच्याकडं जाऊन परत मागा, दिले तर नशीब. लोकांचा गोंधळ कशानं होतो तेही सांगतो. झोपडपट्टी पुनर्वसनात बिल्डर पात्र झोपडीधारकाला इमारत होईपर्यंत भाडं देतो, ते मुंबई-पुण्याच्या बातम्यांत येतं, ते तुम्हाला लागू नाही. पंतप्रधान आवास शहरीचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये आला त्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा एक भाग आहे, पण त्यात घरं बांधून ती भाड्यानं द्यायची आहेत, तुमच्या मालकाला कुणी पैसे देणार नाही. आणि आपल्या कुंभारीचं रे नगर, ३०,००० घरांचा प्रकल्प, त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या, त्याआधी गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना १०,००० घरं मिळाली, ती सगळी मालकीची घरं आहेत. तुम्ही विडी कामगार आहात, कार्ड आहे, तर अशा घरासाठी नाव लावायचा प्रयत्न करा, स्वतः जाऊन चौकशी करा, मधला माणूस नको. पण ते झालं तर पुढच्या काही वर्षांचं झालं, २ ऑक्टोबरला त्याचा उपयोग शून्य.

खरी मदत जी आहे ती लोक मागतच नाहीत. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणं स्त्रीला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही तसंच, आणि बाकीच्यांना वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलं तर. समन्सवर तुमचं स्वतःचं नाव आहे, म्हणजे तुम्ही सरळ बसता. वकिलाची फी नाही, कागद टाइप करायचा खर्चही त्यांचा. उद्या सकाळी समन्स, दाव्याची प्रत, आधार आणि विडीचं कार्ड घेऊन जा, जाता येत नसेल तर १५१०० ला फोन लावा. फक्त तिथं गेल्यावर माझी योजना आहे का असं विचारू नका, 'कलम १५ खाली भाडं भरायचंय, २ ऑक्टोबरला मुदत संपते' एवढं एकच वाक्य बोला, नाहीतर तेही तुम्हाला अर्ज ठेवून जा, कळवतो म्हणतील आणि वकील नेमला जाईल दसरा-दिवाळीच्या सुमाराला. पॅनेलवरचा वकील चांगला मिळेल की नाही हे नशिबावर आहे, पण एवढा अर्ज द्यायला फार मोठा वकील लागत नाही.

पैसे कुठून आणायचे हे सांगणं माझं काम नाही, तरी. विडी कारखान्यात तुमचा पीएफ कापला जात असेल, आणि मिस्टरांचा बंद पडलेल्या कारखान्यात कापला गेला असेल, तर त्यातून काय काढता येतं ते पीएफ ऑफिसात विचारा. कारखाना बंद पडला हे कारण तिथं सांगा. मिस्टरांचा कापलेला पीएफ तसाच पडून असेल तर तो त्यांचाच पैसा आहे, पण यूएएन म्हणजे पीएफचा नंबर, आधार, बँक जोडलेलं नसेल तर त्यात महिना जातो, म्हणून त्याच्यावरच अवलंबून राहू नका. बचत गटातून अंतर्गत कर्ज निघत असेल तर आधी ते बघा. लाडकी बहीणचे १,५०० येत असतील तर ते पुढच्या महिन्यांच्या भाड्याला बाजूला ठेवा. लायसन नसलेल्या सावकाराकडं जाऊ नका, त्याची दुसरी केस घेऊन माझ्याकडं याल.

पुढच्या महिन्यांचं म्हणतोय ते महत्त्वाचं आहे, सगळे ही अर्धी अट विसरतात. एकदा ३२ हजार भरले म्हणजे सुटलो असं नाही. दावा चालेल दोन वर्षं, चार वर्षं, आपल्याकडं काही सांगता येत नाही, आणि त्या सगळ्या काळात दर महिन्याला भाडं कोर्टात गेलंच पाहिजे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा आला, पोरांना पाळण्यात बसवलं, पैसे उडाले, मग फेब्रुवारीत दोन महिन्यांचं एकदम भरलं, असं करून आधी भरलेल्या बत्तीस हजारांचं संरक्षण घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. 'नियमित' म्हणजे किती उशीर चालतो यावर कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत, तुम्ही त्या वादात पडू नका.

दाव्यात आणखी एक कारण आहे, मालकाला मुलाच्या लग्नासाठी खोल्या हव्यात. ते कलम १६ मधलं आहे, पैसे भरून ते जात नाही. तिथं मालकाची गरज खरी आहे का, आणि घर गेलं तर जास्त हाल कुणाचे होतात, हे कोर्ट पुराव्यावर बघतं. त्याच्याकडं वर दोन खोल्या रिकाम्या आहेत म्हणता, तर ते कैफियतीत आलं पाहिजे. निकाल काय लागेल सांगत नाही. तुमची गल्ली घोषित झोपडपट्टीत येते का तेही महापालिकेत बघून घ्या, येत असेल तर १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम २२ प्रमाणं मालकाला दाव्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि ती देताना भाडेकरूला परवडेल अशी दुसरी जागा मिळते का हे बघावं लागतं. येत नसेल तर विषय सोडून द्या.

नळाचं लिहिलंय, पाण्याच्या दिवशी मालक चावी बंद करून कुलूप लावतो. आपल्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्यात हा प्रकार. भाडं थकलं म्हणून पाणी-लाईट तोडायचा मालकाला अधिकार नाही, कलम २९, त्याच कोर्टात अर्ज देऊन सुरू करून घेता येतं. कुलपाचा फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा. पण हा अर्ज दुसरा, भरण्याचा पहिला.

बाकी ज्यांनी असंच विचारलंय त्यांच्यासाठी एवढंच की आधी तुमचा कागद काढून बघा. त्यावर 'लीव्ह अँड लायसन्स', अकरा महिने, असं असेल तर तुम्ही या कायद्यानं भाडेकरू नाही, कलम १५ तुमच्यासाठी नाही. मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं जातो आणि तिथं समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर मालकाचं म्हणणं मान्य धरतात. ताईंच्या बाबतीत मालकानं स्वतःच दाव्यात त्यांना भाडेकरू लिहिलंय म्हणून त्या वाचल्यात. घर महापालिकेचं किंवा सरकारी असेल तर हे सगळं लागू नाही.

ताई, नाझरकडून पावती घेताना दाव्याचा नंबर त्यावर बरोबर पडलाय का तिथंच उभं राहून बघा, एक आकडा चुकला तर पैसे दुसऱ्याच्या दाव्यात जमा होतात आणि ते शोधायला परत अर्ज. दोन झेरॉक्स काढा, एक वकिलाकडं द्या. आणि ऑक्टोबरचं भाडं यात धरलेलं नाही, ते ५ तारखेच्या आत वेगळ्या चलनानं.